वहिनीचा ओटीपी

वहिनी इंग्लंडहून ठाण्याला राहायला आली त्याला दीड वर्ष होऊन गेलं आणि या दीड वर्षात तिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे "तिखट चालतं का गं तिला?". दुसरा नंबर उकाड्याचा आणि तिसरा, हाताने जेवते का. तर आधीच सांगून टाकते, तिखट चालतं, मामलेदारची मिसळ ती आवडीने खाते आणि वर अजून तर्री मागते. उकाडा होतो, पण तो आपल्यालाही होतोच. आणि हाताने ती पहिल्या आठवड्यापासून जेवायला लागली, फक्त वरणभाताला चमचा घ्यायची, आता तोही घेत नाही. या तिन्ही गोष्टींनी तिला कधी रडवलं नाही. ज्या गोष्टींनी रडवलं त्या कोणी विचारतच नाही आणि मला पण चार महिने दिसल्या नव्हत्या, एकाच घरात राहून, म्हणून हे लिहायला बसलेय.

वहिनी यॉर्कची. तिकडे शाळेत गणित शिकवायची. दादा नोकरीसाठी सात वर्षं तिकडे होता, लग्न तिकडेच रजिस्टर झालं २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये, मग बाबांची बायपास झाली आणि दादाने परत यायचं ठरवलं. वहिनीला कोणी ओढून आणलं नाही, ती स्वतःहून म्हणाली की जाऊया. २०२४ च्या जूनमध्ये दोघं आले, नेमके पावसात. यॉर्कला अख्ख्या वर्षात सहाशे-साडेसहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्याकडे सांताक्रूझला एकट्या जुलैची सरासरी आठशेच्या वर आहे, तरी ती म्हणायची की मी पावसाच्या देशातून आलेय मला काय पावसाचं. तिच्या चामड्याच्या बुटांना पंधरा दिवसांत हिरवी बुरशी आली. तेही तिने हसून घेतलं. म्हणजे बाई चिवट आहे, हे आधी लक्षात घ्या, मग पुढचं वाचा.

पहिली गोष्ट कागदपत्रांची. भारतीय नागरिकाशी लग्न झालेल्या परदेशी माणसाला ओसीआय, म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडियाचं, कार्ड मिळतं, पण लग्न रजिस्टर होऊन दोन वर्षं पूर्ण झाल्याशिवाय अर्जच करता येत नाही. तोपर्यंत एन्ट्री व्हिसा, ज्याला एक्स व्हिसा म्हणतात, आणि त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. म्हणजे जी बाई बारा वर्षं स्वतःच्या पगारावर जगली ती एकदम घरी. १८० दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर आल्यापासून चौदा दिवसांत एफआरआरओचं, म्हणजे परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी ऑफिसचं, रजिस्ट्रेशन करावं लागतं, ते हल्ली ऑनलाइन होतं. शिवाय ज्याच्या घरी परदेशी पाहुणा उतरलाय त्या घरमालकाने चोवीस तासांत फॉर्म सी भरायचा, असा तेव्हा नियम होता. घर बाबांच्या नावावर. बाबा मोबाइल हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले आणि म्हणाले, सून घरात आली हे पोलिसांना कळवायचं? मग भरला त्यांनी, पण त्यांना ते लागलं होतं. मला वाटतं वहिनीलाही लागलं असणार, ती शेजारीच बसलेली होती आणि तोपर्यंत तिला एवढं मराठी कळायला लागलं होतं.

मग बँक. इथे ते मधल्या नावाचं प्रकरण झालं. आपल्याकडे फॉर्मवर तीन रकाने, स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. तिकडे मधलं नाव असंच ठेवतात, आईबापांना आवडलं म्हणून किंवा कोणाची आठवण म्हणून. वहिनीचं मधलं नाव तिच्या आजीचं आहे, रोझ. काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट बघितला, दादाचं आधार बघितलं आणि विचारलं की मग यांच्या मिस्टरांचं नाव रोझ कसं काय. दादाने समजावलं. त्यांनी मान हलवली आणि सिस्टीममध्ये वहिनीचं पहिलं नाव, मग दादाचं नाव, मग वहिनीचं माहेरचं आडनाव टाकलं. आता पासपोर्टवर एक, पॅनवर एक आणि खात्यावर तिसरंच. ते दुरुस्त करायला पाच फेऱ्या झाल्या. मॅडम वाईट नव्हत्या, त्यांनी चहा पण पाजला, पण पाचही वेळा त्या दादाशीच बोलल्या.

वहिनीला कळतच नव्हतं की आपण आहोत हे इतक्या वेळा का सिद्ध करायचं. तिकडे ओळखपत्र असं नसतंच म्हणे. सरकारने मध्यंतरी आणलं होतं, लोकांना आवडलं नाही आणि २०१० मध्ये कायदा करून रद्द केलं. पत्ता दाखवायचा तर लाइटचं बिल, कौन्सिल टॅक्सचं पत्र वगैरे दाखवायचं, झालं काम. इथे लाइटबिल बाबांच्या नावावर, गॅस आईच्या नावावर, मोबाइलचं कार्ड दादाच्या नावावर. आधार परदेशी माणसाला पण मिळतं, पण आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिलेलं असलं पाहिजे. म्हणजे पहिले सहा महिने, पॅन सोडलं तर, तिच्याकडे फक्त पासपोर्ट होता, आणि आपल्या इथे रोजच्या कामात पासपोर्ट कोणाला चालतो? पार्सलवाल्याला नाही, ऑनलाइन औषधांना नाही, सोसायटीच्या गेटच्या ॲपला नाही.

आणि ओटीपी! मला स्वतःला ओटीपी ही गोष्ट कधी जाणवलीच नव्हती, मोबाइल वाजतो, चार आकडे टाकतो, संपलं. वहिनीचं कार्ड दादाच्या नावावर असल्यामुळे आणि बऱ्याच ठिकाणी दादाचाच नंबर दिलेला असल्यामुळे तिने काहीही मागवलं, भरलं, बुक केलं की ओटीपी ऐरोलीला दादाच्या ऑफिसमध्ये जायचा. दादा मीटिंगमध्ये. तो बघेपर्यंत वेळ संपलेली. परत पाठवा. परत मीटिंग. एकदा तिला साधे केसाचे क्लिप मागवायचे होते, दीडशे रुपयांचे, सकाळी अकराला सुरुवात केली आणि संध्याकाळी दादा घरी आल्यावर ते मागवले गेले. त्यात तिची यॉर्कची बँक तिकडच्या नंबरवर कोड पाठवायची आणि तो नंबर इथे कधी चालायचा कधी नाही, म्हणजे स्वतःचे साठवलेले पैसे स्वतःला दिसायचे पण वापरता येत नव्हते.

आम्ही काय केलं? आम्ही प्रेम केलं. हे मी मनापासून लिहितेय. आई म्हणायची, अगं तू राहू दे, मी आणते. बाबा म्हणायचे, मला सांग काय हवंय. मी आठवड्यातून तीन दिवस घरून काम करते, मी म्हणायचे, थांब मी माझ्या फोनवरून करते. शेजारच्या काकूंनी तर भाजीवाल्याला सांगून ठेवलं होतं की त्या मॅडम आल्या तर जास्त पैसे घ्यायचे नाहीत आणि खरं म्हणजे त्यांना येऊच द्यायचं नाही, मीच आणते त्यांची भाजी. सगळे चांगले. एकही माणूस वाईट वागला नाही. आणि त्या सगळ्या चांगुलपणात चौतीस वर्षांच्या बाईला कोथिंबिरीची जुडी आणायला पण कोणाला तरी विचारावं लागत होतं.

किटलीचं सांगते, कारण ते मी डोळ्यांनी बघितलंय. येताना तिने यॉर्कहून तिची इलेक्ट्रिक किटली आणली होती, कपड्यात गुंडाळून, बॅगेच्या मध्यभागी. पहाटे पाचला तिला जाग यायची, घर झोपलेलं असायचं, ती उठून स्वयंपाकघरात जायची, पाणी उकळायचं, कपात टीबॅग, वरून थोडं दूध, आणि खिडकीपाशी उभी राहून प्यायची. येऊरचे डोंगर उजळताना दिसतात आमच्या खिडकीतून. तेवढा एक वेळ तिचा होता. तिकडचा प्लग चौकोनी तीन पिनांचा, त्या प्लगच्या आत स्वतःचा फ्यूज असतो तेरा अँपिअरचा. किटली तीन हजार वॉटची, २३० व्होल्टवर तेरा अँपिअर खेचते. आपल्याकडे सॉकेट दोन जातींचे, छोटा सहा अँपिअरचा आणि मोठा सोळाचा, ज्याला लाइटवाले अजून पंधराचा पॉइंट म्हणतात. दादाने स्टेशनजवळून एक ॲडॅप्टर आणून मिक्सरच्या छोट्या सॉकेटमध्ये लावून दिला होता. तिसऱ्या दिवशी जळल्याचा वास आला. मी धावत गेले तर ॲडॅप्टरची एक बाजू वितळून तपकिरी झालेली आणि वहिनी भिंतीला टेकून उभी, हात थरथरत होते, आणि सारखी सॉरी सॉरी म्हणत होती. आई उठली, बाबा उठले. आई म्हणाली, जाऊ दे गं, उद्यापासून मी उठते पाचला, मी करून देत जाईन तुला चहा.

आईला वाटलं तिने मोठी गोष्ट दिली, आणि दिलीच होती, पासष्ट वर्षांची बाई पाचला उठायला तयार झाली होती. पण वहिनीचा चेहरा मी बघितला. तिचा तो एक वेळ गेला. पुढचे चार महिने आई खरंच पाचला उठली, आलं घालून, साखर घालून, दुधाचा उकळलेला चहा केला आणि वहिनीने तो रोज थँक्यू म्हणून घेतला.

त्या थँक्यूचं पण होतंच. पोळी वाढली थँक्यू, पाणी दिलं थँक्यू, टॉवेल दिला थँक्यू. आई मला म्हणाली, ही मला परक्यासारखं का वागवते, घरात कोणी आभार मानतं का. आणि तिकडे वहिनीला वाटायचं की या घरात सगळे एकमेकांवर चिडलेले असतात, कारण "पाणी आण", "दार लाव", "इकडे ये", कोणी प्लीज म्हणतच नाही. मी तिला सांगितलं की आपलं प्लीज वेगळा शब्द नसतो, ते क्रियापदात असतं. आण, आण ना, आणतेस का, आणशील का, या चारांमध्ये केवढा फरक आहे बघ. तिने वहीत लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना "ना" लावायला लागली, अगदी रिक्षावाल्याला पण, "थांबा ना दादा". त्याने मागे वळून बघितलं आणि खूश होऊन आत फाटकापर्यंत सोडलं.

आता डॉक्टरांचं. या बाबतीत तिला इथलं कौतुक होतं, की तिकडे जीपीची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची, वेळ मिळायला दिवसच्या दिवस जातात आणि इथे संध्याकाळी सातला खाली उतरलं की डॉक्टर भेटतात, औषधवाला वर आणून देतो. ऑक्टोबरमध्ये तिला पंधरा दिवस चक्कर येत होती. दादा बरोबर गेला. डॉक्टरांनी दादाला विचारलं, यांना काय होतंय? दादाने सांगितलं. झोप लागते का यांना? दादाने सांगितलं. पाळी वेळेवर येते का? आणि इथे दादा गप्प झाला आणि वहिनीकडे बघायला लागला, आणि वहिनीने इंग्लिशमध्ये उत्तर दिलं, आणि डॉक्टरांनी, ज्यांचं इंग्लिश उत्तम आहे, पुढचा प्रश्न परत दादालाच विचारला. त्या घरी आल्या, जेवल्या, भांडी पुसली आणि... अहो, "त्या" काय लिहितेय, वहिनीच ती. पण त्या दिवशी ती खरंच पाहुण्यासारखी वावरत होती. नंतर दिसेना म्हणून मी शोधायला गेले तर लिफ्ट असूनही ती जिन्यात बसलेली, आमच्या आणि वरच्या मजल्याच्या मधल्या पायरीवर, कारण अख्ख्या इमारतीत तेवढीच एक जागा होती जिथे बेल वाजत नाही. बेल पण एक आहेच, आमच्याकडे सकाळी सात ते अकरा दूधवाला, पेपर, कचरा, मावशी, इस्त्रीवाला, पार्सल, काकू. तिने एकदा मोजल्या होत्या, अकरा झाल्या.

मी शेजारी बसले. ती मला ताई म्हणते, वयाने मी लहान आहे पण आमच्या मावसभावंडांचं ऐकून तिने उचललं आणि आम्ही कोणी बदललं नाही. म्हणाली, ताई, मला इथे कोणी त्रास देत नाही. मला इथे काही करूच देत नाही. अर्धं मराठी अर्धं इंग्लिश बोलत होती, पण हे वाक्य तिने पूर्ण मराठीत म्हटलं, आणि ते तिने आधी मनात जुळवून ठेवलेलं होतं हे मला कळलं.

मला तेव्हा खूप वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर रागही आला, की एवढं करतोय आम्ही. रात्रभर तो राग होता. सकाळी आई पाचला उठली, मी पण उठले, आणि दोघींसमोर वहिनी खुर्चीत बसून कप हातात धरून वाट बघत होती, शाळेतल्या मुलीसारखी. तेव्हा माझा राग गेला.

मग काय केलं ते पटकन सांगते. दादाने सुट्टी काढली, पण बरोबर फक्त दुकानाच्या दारापर्यंत गेला, आत वहिनी एकटी, पासपोर्ट आणि व्हिसा दाखवून तिने स्वतःच्या नावावर मोबाइलचं कार्ड घेतलं. बँकेत तो नंबर दिला. खात्याचं नाव पासपोर्टप्रमाणे झालंच होतं, मग यूपीआय सुरू झालं. डिसेंबर संपता संपता आधारचा अर्ज गेला. ओळखीच्या लाइटवाल्या काकांना बोलावून ओट्यावर पंधराचा पॉइंट काढला, किटलीचा चौकोनी प्लग कापून आपला मोठा तीन पिनांचा लावला, काकांनी वायर तपासली, एमसीबी बघितला आणि मगच चालू करू दिलं. सगळ्याचे मिळून हजाराच्या आत पैसे झाले. चार महिने आम्ही हे का केलं नाही याला माझ्याकडे उत्तर नाही.

सगळ्यात अवघड आईला गेलं. वहिनी एकटी जांभळी नाक्याला भाजीला निघाली त्या दिवशी आई बाल्कनीत उभी होती. मानपाड्याहून बस, स्टेशनला उतरायचं, चालत बाजारात. आई म्हणाली, तू जा ना मागे मागे, तिला कळू न देता. मी गेले नाही. दोन तास आई कशातच लक्ष देऊ शकली नाही.

बाजारात काय झालं ते वहिनीने येऊन सांगितलं. भाजीवाल्या मावशींनी पंचवीस सांगितले, हिने पस्तीस दिले. मावशींनी दहा परत दिले. पुढच्या वेळी पंचेचाळीस सांगितले, हिने पंचवीस दिले. मावशी म्हणाल्या, बस इथे. आणि गोणपाटावर बसवून तिला पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पंचावन्न म्हणून घेतलं, गिऱ्हाईक सांभाळत सांभाळत. आपले आकडे किती कठीण आहेत हे मला तिच्यामुळे कळलं. इंग्लिशमध्ये वीसपर्यंत पाठ केलं की पुढे नुसतं जोडत जायचं, आपल्याकडे शंभरपर्यंत प्रत्येक आकड्याचं तोंड वेगळं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन अशी पद्धत दिली होती तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, मी पण तेव्हा रागावलेच होते, भाषा घालवतायत म्हणून. वहिनीने मात्र जुनेच आकडे शिकायचं ठरवलं. ती गणिताची बाई आहे, तिने तक्ता करून फ्रिजवर लावला आणि आठवड्याने मला विचारलं, एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, अगदी एकोणनव्वदपर्यंत सगळे एक-कमी आहेत, मग नव्याण्णव का नाही? मी जन्मापासून मराठी बोलतेय, मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. बाबांना विचारलं, त्यांनाही माहीत नव्हतं, पण त्या दिवसापासून बाबा आणि ती रोज संध्याकाळी अर्धा तास आकड्यांवर बसतात. बाबांची तब्येत त्यानंतर सुधारली असं आईचं म्हणणं आहे.

लोकलचं मात्र वेगळं. तिचे वडील यॉर्कला रेल्वेचे डबे बनवायच्या कारखान्यात होते, तो कारखाना १९९६ ला बंद पडला, वडीलही आता नाहीत. पण घरात लहानपणापासून रेल्वेच्या गोष्टी, आणि त्या शहरात रेल्वेचं मोठं राष्ट्रीय म्युझियम आहे, १९७५ पासूनचं, तिथे दर रविवारी जायचे दोघं. त्यामुळे १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली, चौतीस किलोमीटर, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं जोडून, हे तिला लग्नाच्या आधीपासून पाठ होतं. आमच्यापैकी किती जणांना त्या इंजिनांची नावं माहीत आहेत? पहिल्यांदा ठाणे स्टेशनला गेली तेव्हा ती पुलावर नुसती उभी राहिली होती, गर्दी दोन्ही बाजूंनी वाहतेय आणि ही डोळे पुसतेय.

पण लेडीज डब्यात तिला पहिल्या दिवशी एक बाई म्हणाली, "कुठे?" नुसतं कुठे. वहिनीला वाटलं चौकशी करतायत, कुठून आली, कुठे राहते, सोसायटीत सारखं तेच होतं ना, पगार किती, गोड बातमी कधी. तिने मान फिरवली. मग दुसरीने विचारलं, कुठे? वहिनी उठून दारापाशी जाऊन उभी राहिली. घरी येऊन तिने सांगितलं तेव्हा मी तिला समजावलं की अगं, कुठे उतरणार, तुझी सीट कोणाला मिळणार, एवढंच विचारतायत, तुझ्या आयुष्यात कोणाला रस नाहीये. हे ऐकून ती इतकी मोकळी झाली. आता ती बसल्या बसल्या स्वतःच सांगते, दादर. सीट तीन स्टेशनं आधी बुक होते आणि त्या बायकांमध्ये तिच्या दोन मैत्रिणी पण झाल्यात, एकीने तिला गाडीतच लसूण सोलायला शिकवलं.

सगळं सुटलंय असं नाही. तिची आई तिकडे एकटी आहे, पेन्शनवर. इथे येऊन राहिली तर छान होईल असं आम्ही सगळेच म्हणत होतो, मग वहिनीने हिशोब मांडून दाखवला. ब्रिटनची सरकारी पेन्शन तिकडे राहणाऱ्यांना दरवर्षी वाढते, युरोपात किंवा अमेरिकेत जाऊन राहिलात तरी वाढते, पण भारतात राहायला आलात की आलात त्या दिवशीचा आकडा गोठतो. २०२५-२६ मध्ये पूर्ण नवी पेन्शन आठवड्याला २३०.२५ पौंड होती, त्या वर्षी इकडे आलात तर तीच धरायची, म्हणजे वीस वर्षांनी पण तेवढीच. आयुष्यभर पैसे भरलेल्या म्हातारीला कोणत्या देशात लेक राहते त्यावरून कमी पेन्शन, हे मला अजिबात पटत नाही आणि कोणी पटवून पण देऊ शकलेलं नाही. मग दोघी रोज फोनवर बोलतात. हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक, मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं पुढे जातात तेव्हा साडेचारचा होतो. वहिनीने भिंतीवर यॉर्कचं वेगळं घड्याळ लावलंय आणि ते बदलायचं काम आईने स्वतःकडे घेतलंय, दोन्ही वेळेला कॅलेंडरवर खूण करून ठेवते.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये लग्नाला दोन वर्षं झाली आणि ओसीआयचा अर्ज गेला. तिकडचं मॅरेज सर्टिफिकेट अपोस्टिल करून, म्हणजे ते खरं असल्याचा तिकडच्या सरकारचा शिक्का मारून लागतं, ते वहिनीने तिच्या आईकडून आधीच करून मागवून ठेवलं होतं, आम्हाला कोणाला न विचारता. कार्ड आलं तेव्हा कुरिअरवाल्याने ओटीपी मागितला. मी दारात होते, सवयीने माझा मोबाइल चाचपला. मागून वहिनीचा आवाज आला, चार, सात, शून्य, दोन. आता नोकरी शोधतेय, ट्यूशन तर सोसायटीतल्या सहा मुलांच्या चालूच आहेत, त्या कार्ड आल्यावरच सुरू केल्या.

गेल्या आठवड्यात आईचा गुडघा सुजला. मी ऑफिसला, दादा ऑफिसला, बाबांना जिने नकोत. वहिनी म्हणाली मी नेते. त्याच डॉक्टरांकडे. सव्वीस रुपयांच्या मीटरची रिक्षा करून दोघी गेल्या. हे पुढचं आईने मला सांगितलं, दोनदा सांगितलं. डॉक्टरांनी आईकडे एकदा बघितलं, मग वहिनीकडे वळले आणि म्हणाले, काय होतंय यांना?

वहिनी म्हणाली, "आईंनाच विचारा ना."

डॉक्टरांनी खुर्ची आईकडे फिरवली. आणि आई, जी डॉक्टरांसमोर आजवर कधी चार शब्दांच्या वर बोलली नव्हती, बाबाच बोलायचे नेहमी, तिने गुडघ्यापासून सुरुवात केली आणि मग रात्री झोप लागत नाही ते पण सांगितलं, जे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.